कापूस आवाज खातो

१

फुलसावंगीत नानाजी गावंडेंकडे कापूस विकायला आलेला माणूस दोन गोष्टी घेतल्याशिवाय परत जात नसे. एक गोडमिट्ट चहा आणि दुसरा नानाजींचा किस्सा. शाळा सातवीतच सुटलेली, पण कापसाची चिमूट बोटांत धरून तार ओढली की तो कोणत्या शिवारातला आणि वेचून किती दिवस झाले, हे माणूस डोळे मिटून सांगायचा. भाव ऐकून समोरच्याचं तोंड वाकडं झालं, की नानाजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत. "काही होत नाही. मी आहो ना." एवढ्या एका वाक्यावर त्यांनी तीस वर्षं धंदा केला, संसार केला आणि एक लेक वाढवली. घरातल्या कुत्र्यालाही ते हेच म्हणत.

त्यांचा सगळ्यात चालणारा किस्सा मागच्या खोलीचा होता. दसऱ्यापासून गाडी जाईपर्यंत तिथं खरेदीचा कापूस भरलेला असे, पार छातीपर्यंत. "कापूस आवाज खाते बरं," नानाजी सुरू करत. "शेजारच्या खेमसिंगच्या घरी लग्न, दारात बँड. त्याची नात काही केल्या झोपेना. म्हटलं, आण इकडं. कापसावर टाकली, दार लोटलं. बँड वाजला, नवरदेव नाचला, पंगत उठली. पोरगी उठली दुसऱ्या दिवशी! आन आमची कोकिळा... मी आत कापूस तुडवून राह्यलो, ते दारात चहा घेऊन हाका मारून राह्यली. मले एक शब्द नाई. चहावर साय आली. तवापासून बायकोपासून लपाचं असलं का मी कापूस तुडवाले जातो."

"लपा ना," कोकिळाबाई आतून म्हणत. "जेवाले तं बाहेर याच लागते."

लोक हसत. त्याच खोलीचा एक किस्सा मात्र नानाजींनी कधी कोणाला सांगितला नव्हता.

२

तो मागच्या दिवाळीचा होता.

तेव्हा घरात गब्या होता. काळा कुत्रा, रुंद डोक्याचा, हत्तीसारखा दिसणारा आणि सशासारखा भिणारा. त्यांच्या लेकीनं, अर्पितानं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती यवतमाळला एका दवाखान्यात नर्स होती, आणि दवाखान्याला दिवाळी नसते. आदल्या वर्षी फटाक्यांना भिऊन गब्यानं फाटक ओरबाडून पंजे रक्ताळून घेतले होते. म्हणून मागच्या वर्षी तिनं फोनवर तीनदा बजावलं, "बाबा, त्याच्याकडे लक्ष ठेवजा."

नानाजींना वाटलं, आपल्याकडे आवाज खाणारी अख्खी खोली असताना काळजी कसली? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोकिळाबाई नैवेद्यात गुंतलेल्या. नानाजी खोलीत गेले, ढिगावर चढून बसले आणि शेजारचा कापूस थोपटला. "ये बेटा. काही होत नाही. मी आहो ना." गब्या उंबऱ्यावर थांबला. त्यानं आत पाहिलं, मग नानाजींकडे पाहिलं. मग पोटापर्यंत कापसात रुतत आला आणि त्यांच्या मांडीला टेकून बसला. नानाजींनी त्याचं डोकं खाजवलं, हळूच बाहेर आले, कडी लावली आणि पूजेला बसले.

दोन तासांनी कडी काढली तर आत नुसता पांढरा ढीग.

खोलीला दार एकच. वर झरोका आहे, पण दोन पुरुष उंचीवर आणि पत्रा ठोकलेला. गाडी दुसऱ्याच दिवशी, पाडव्याच्या मुहूर्तावर ठरलेली होती. मजुरांनी सगळा कापूस बाहेर काढला, तेव्हा नानाजी दारात उभे राहून त्यांच्या कवेतली एकेक वेंग पाहत होते. आता पाय दिसेल, आता शेपूट दिसेल. काहीच निघालं नाही. काळा केससुद्धा नाही. फरशी उघडी पडली तेव्हा कोपऱ्यात फक्त गब्याचा लाल पट्टा होता.

पट्ट्याचं बक्कल लावलेलंच होतं.

नानाजींनी तो खिशात घातला, जुन्या वजनमापांच्या पेटीत तळाशी टाकला आणि बायकोला, लेकीला एकच सांगितलं: फाटक उघडं राहिलं, फटाका वाजला, पळाला. अर्पिता धाय मोकलून रडली. महागावपर्यंत शोधून आली. तिच्यासोबत मोटरसायकलवर फिरून नानाजीही शोधत होते. जिथं नाही हे माहीत आहे, तिथं हाका मारत होते.

होळीला तिनं दुसरी कुत्री आणली. दवाखान्यामागे सापडलेली, लहानखुरी, तपकिरी. नाव सुपारी. तिला नानाजींच्या हातात देताना अर्पिता फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, यावेळी फाटक लावाल ना?"

"लावतो ना, अर्पू. मी आहो ना."

म्हणताना त्यांना स्वतःच्याच आवाजाची कशी कोण जाणे शिसारी आली.

३

यंदाच्या दिवाळीला आठ दिवस होते. नानाजी दुपारी जेवायला घरी आले. चपला काढतात तोच कोकिळाबाईंनी पोळी लाटता लाटता मान वळवली.

"बाप्पा! तुमी बाहेरून कसे आले?"

"मंग कुठून येऊ? धाब्यावरून उडी मारून?"

"मागच्या खोलीत होते ना आत्ता. 'ये बेटा, ये बेटा' करून राह्यले होते कवाचे. म्हटलं, आज लय लाडात आले."

"म्या? मी तं बसस्टँडवर होतो."

"मंग खेमसिंगचा टीव्ही असन," कोकिळाबाई म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

असेलच. नानाजी पानावर बसले. पण सुपारी रोजच्यासारखी पोळीचा कड मागायला आली नाही. त्यांनी वाकून पाहिलं. मागच्या अंगणात, कापसाच्या खोलीच्या बंद दारासमोर ती बसली होती. कान उभे. शेपूट फरशीवर वाजत होतं. टप. टप. टप. घरचं माणूस दाराशी आलं की वाजतं, तसं.

नानाजींनी हाक मारली. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. दोन माणसांनी एकाच वेळी बोलावल्यावर माणूस गोंधळतं ना, अगदी तशी.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळाबाई शेजारी चकल्या पाडायला गेल्या, आणि नानाजींनी दाराला कान लावला.

आधी काहीच नाही. भरल्या कापसाच्या खोलीची शांतता ज्यानं ऐकली आहे त्याला ती ठाऊक असते. कानात बोळे घातल्यासारखी. आपल्याच रक्ताचा आवाज येतो तिथं. नानाजी स्वतःवर हसून उठणार, तेवढ्यात आत, फार लांब, फटाक्यांची लडी वाजली.

त्यांनी मान वर केली. गल्ली सुनसान होती. कोंबड्या उकरत होत्या. फटाक्याचं दुकानसुद्धा अजून लागलं नव्हतं. पुन्हा कान लावला. लडी संपत आली होती. मग गादीखालून बोलावं तसा एक आवाज आला, ओळखीचा, प्रेमळ, थोडा घोगरा.

"ये बेटा. काही होत नाही."

थोडं थांबून: "गब्या."

आपला आवाज बाहेरून ऐकला की कोणालाही तो परका वाटतो. नानाजींना वाटला नाही. त्यांना तो आपल्याहून बरा वाटला. जास्त विश्वासाचा.

अंगणात चार चकरा झाल्या, तशी व्यापाऱ्याची अक्कल जागी झाली. गोष्ट साधी आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. कोठीत घातलेलं कधीतरी बाहेर येतंच. ही खोली तीस वर्षं आवाज खात आली. बँड खाल्ला, कोकिळेच्या हाका खाल्ल्या, मागच्या दिवाळीची लडीही खाल्ली. आता पोट भरलं असेल, ढेकर देते आहे. त्यांना हसूसुद्धा आलं. हा किस्सा चहावर कसा रंगेल, याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली.

ही समजूत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी दुपारी, तेच दार, तोच आवाज.

"ये बेटा. काही होत नाही. मी आहो ना." आणि मग, नवं नाव जिभेवर घोळवून पाहावं तसं, सावकाश: "सु...पारी."

हे नाव नानाजींनी त्या खोलीत कधीच उच्चारलं नव्हतं.

मागे सुपारी उठून उभी राहिली. नानाजींनी कडी काढून दार ढकललं. पांढरा ढीग, झरोक्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक काडी, तिच्यात तरंगणारे तंतू. बाकी काही नाही. फक्त ढिगाच्या माथ्यावर, जिथं त्यांनी कालच कापूस तुडवून सपाट केला होता, तिथं एक खळगा होता. कोणी मांडी घालून बसलं होतं आणि आताच उठलं होतं, एवढा. त्याच्या बाजूचा कापूस थोपटून गुळगुळीत केलेला.

५

"गाडी पायजे, खेमसिंग. आजच्या आज. कापूस काढून टाकतो."

खेमसिंग म्हणजे तो लग्नाच्या किस्स्यातला शेजारी; त्याच्या ओळखीनंच नानाजींच्या गाड्या लागत. तो दारात बाज टाकून बसला होता. "शेठ, दिवाळीच्या तोंडावर? डायवर गेले गावाले. जिनिंग बंद. तुमी पाडव्यानंतर म्हटलं होतं ना?"

"उघड्यावर टाकू मंग. अंगणात."

"पांढरं सोनं अंगणात? फटाक्याच्या दिवसात? एक ठिणगी पडली तं शेठ, तुमच्यासंगं मायं बी घर जाईन." खेमसिंगनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तब्येत बरी हाये ना? मघा तुमच्या मागच्या भिंतीजवळून गेलतो, तं तुमी आत एकलेच बोलून राह्यले होते."

"काय बोलून राह्यलो होतो?"

"मले काय समजते? कापसात आवाज कुठी कळते! पण मले बी बलावून राह्यले असं वाटलं." तो हसला. "म्हटलं, येतो बाप्पा, आधी बिडी संपवू द्या."

नानाजींनी घरी येऊन दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खुंटीला लावली. मग अर्पिताला फोन केला. खरं ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच केला.

"बाबा, सुपारी कशी आहे? घाबरते का?"

"अर्पू, एक सांगाचं होतं. मागच्या साली गब्या..."

त्यांना मध्येच तोडून ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुम्ही काय मुद्दाम फाटक उघडं ठेवलं होतं? मी रागात बोलली तेव्हा. पाडव्याला येऊन राह्यली मी. तुम्हाला ओवाळीन, तिला पाहीन. बस."

लेकीनं माफच केल्यावर खोटं मागे कसं घ्यावं, हे नानाजींना कळेना. आयुष्यभर समोरच्याचं मन वळवलेला माणूस. त्या दिवशी "बरं" म्हणून फोन ठेवून दिला.

६

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. ऊन असतानाच सुपारीला गळ्यात साखळी घालून फिरवून आणलं, लवकर जेवू घातलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या ठोकल्या, रेडिओ मोठा केला, फाटक बांधून टाकलं. दिवे लागले. पूजा त्यांनी पाच मिनिटांत उरकली आणि सुपारीला मांडीत घेऊन, तिच्या दोन्ही कानांवर तळवे दाबून बसले.

पहिला सुतळी बॉम्ब फुटला. सुपारीचं अंग पाण्यासारखं थरथरलं.

"बोला ना तिच्याशी काही," कोकिळाबाई म्हणाल्या. "भेली ना ते. एरवी तं तुमचं तोंड थांबत नाई."

नानाजींनी मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले. त्यांचा हिशोब सरळ होता: आज आपण एक शब्दही बोलायचा नाही. मग जो बोलेल तो आपण नाही, एवढं कुत्रीला कळेल.

लडी सुरू झाली. ती दहा हजारांची असावी, संपेचना. आणि तिच्या आतून, दोन भिंती आणि एका कुलपापलीकडून, ते सुरू झालं. शब्द येत नव्हते, लय येत होती. समजावण्याची लय. गुडघ्यावर हात ठेवल्यासारखी.

सुपारीनं डोकं वर केलं. मागच्या दाराकडे पाहिलं. मग वळून नानाजींच्या ओठांकडे पाहत राहिली. ते हलत नव्हते. नानाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडून तिला एकदा 'बेटा' म्हणावं, असं घशापर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. सुपारीनं त्यांच्या काखेत नाक खुपसलं, हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि तिथंच राहिली.

हळूहळू फटाके विरळ झाले. कुत्री मांडीत झोपली होती. पाय दगडासारखे जड झाले, तरी नानाजी हलले नाहीत.

७

पाडव्याची सकाळ कशी उजाडली म्हणता! नानाजी सुपारीला घेऊन गल्लीभर फिरले. दारादारात थांबून सांगत सुटले, हे अशा गोधड्या ठोका, असे कान दाबा, आधी फिरवून आणा. खेमसिंगनं विचारलं, "कापसाच्या खोलीत नाई ठेवली?" तेव्हा त्यांनी विषय बदलला.

दुपारच्या बसनं अर्पिता आली. सुपारी तिच्या अंगावर उड्या मारमारून थकली. "बाबा," लेक म्हणाली, आणि एवढंच म्हणून तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. नानाजींनी तेव्हाच ठरवलं: ओवाळणं झालं की पाटावर बसल्या बसल्या सगळं सांगायचं. मग लेक काय म्हणायचं ते म्हणो.

कोकिळाबाई ओवाळणीची तयारी करत होत्या. नानाजी समोरच्या ओट्यावर सुपारीची साखळी हाताला गुंडाळून बसले होते. घर जुन्या घाटाचं, दारासमोर दार. ओट्यावरून मधल्या खोलीतून थेट मागचं अंगण दिसे, आणि अंगणाच्या टोकाला ते दार.

"आई, पितळेचं निरांजन कुठी आहे?"

"कपाटात पाय. नाई तं खालच्या पेटीत असन."

पेटी. नानाजींना कळायला एक क्षण जास्त लागला. वजनं सरकवल्याचा आवाज आला, आणि मग तो थांबला.

अर्पिता मधल्या खोलीतून निघाली, पण ओट्याकडे नाही, कोणी तिकडून बोलावल्यासारखी मागच्या अंगणात. तिच्या हातात लाल पट्टा होता. "बाबा?" तिनं पट्टा उलटून पाहिला. "बाबा, हा गब्याचा पट्टा ना? बक्कल लावलेलं आहे याचं. तुम्ही तं म्हटलं होतं..."

ती ओट्याकडे पाठ करून उभी होती. तिचं तोंड टोकाच्या दाराकडे होतं. दाराचं कुलूप कडीत नुसतंच लोंबत होतं, आणि दार वीतभर उघडं होतं.

"कोकिळा! कुलूप कोणं काढलं?"

"वातीले कापूस नोको?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मूठभर घेतला. लावतो ना मंग."

नानाजी उठायला गेले. आणि तेवढ्यात लांबून, गादीखालून, सगळ्या जगाचा विश्वास घेऊन तो आवाज आला. "अर्पू. ये बेटा. सांगतो तुले सगळं."

"आत काय करून राह्यले, बाबा?" अर्पिता म्हणाली आणि दाराकडे निघाली.

"अर्पू!" नानाजी जीव खाऊन ओरडले.

"अर्पू!" आतूनही आलं. तोच आवाज, तीच कळ, फक्त केसभर आधी आणि कितीतरी जवळून. तिनं मागे वळून पाहिलंच नाही. का पाहावं? बाप समोरून बोलावत होता. "आली, आली," ती म्हणाली, आणि पट्टा धरलेला हात तेवढा क्षणभर दाराबाहेर दिसला.

ओट्यापासून खोलीपर्यंत वीस पावलं. नानाजी सुपारीला ओढत धावले. दार ढकललं. पांढरा ढीग होता. उन्हाच्या काडीत तंतू तरंगत होते. माथ्यावर खळगा होता, आणि त्याच्या शेजारी, थोपटलेल्या जागी, दुसरा. लहान.

त्यांना हाक मारायची होती. तोंड उघडं होतं, पण आता आपला आवाज कोणाच्या कामी येईल, हे त्यांना कळत नव्हतं.

"अवो, पाटावर बसा ना," मागून कोकिळाबाई आल्या. हातात ताट, ताटात नव्या कापसाची वात तेवत असलेली. "आन पोरगी कुठी गेली?"

आतून, फार लांबून उत्तर आलं. अर्पिताचं.

"ये ना, आई. काही होत नाही."

नानाजींच्या हातातली साखळी ताठ झाली. पायाशी सुपारीचं शेपूट फरशीवर वाजायला लागलं. टप. टप. टप.